राज्य अर्थसंकल्पातील कपात आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचा आवाज

लोकशाही विकेंद्रीकरणाची कसोटी कायद्याच्या कलमांपेक्षा राज्याच्या तिजोरीत खडखडाट असतानाच अधिक कठोरपणे लागते. महसूल वाढत असतो तेव्हा ग्रामपंचायती व नगरपालिका यांना निधी देण्यास कोणाचीच फारशी हरकत नसते. महसुलाची गती मंदावली, कर्जाची मर्यादा जवळ आली किंवा नैसर्गिक आपत्तीने अनपेक्षित खर्च उभा राहिला, की कात्री कोठे लावायची हा प्रश्न वित्त विभागापुढे येतो. अशा वेळी पिण्याचे पाणी, पथदिवे, स्वच्छता, अंगणवाडी इमारतींची दुरुस्ती, सार्वजनिक वाचनालये, वृद्ध व दिव्यांगांसाठीच्या सेवा अशा सामुदायिक सेवांवरील अनुदाने सर्वप्रथम आक्रसतात, असा अनेक राज्यांचा अनुभव आहे. या सेवा पुरविणाऱ्या संस्था स्वतः लोकनियुक्त असतात. त्यामुळे त्या राज्य शासनाकडे, विधिमंडळाकडे व वित्त आयोगांकडे संघटितपणे आपली बाजू मांडतात. या प्रयत्नांना लॉबिंग किंवा संघटित पाठपुरावा असे म्हटले जाते. हा पाठपुरावा कशासाठी होतो, तो केव्हा यशस्वी ठरतो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घटनात्मक चौकट

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी व ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अंमलात आली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय, तर बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय नमूद करण्यात आले. या विषयांची नुसती यादी पाठ करणे पुरेसे नाही. अनुच्छेद २४३-जी व २४३-डब्ल्यू यांची शब्दयोजना पाहिली असता असे दिसते की, राज्य विधानमंडळ कायद्याद्वारे पंचायतींना व नगरपालिकांना अधिकार 'देऊ शकेल'. म्हणजेच विषय, अधिकार व त्यांसोबतचा निधी किती द्यायचा हे बव्हंशी राज्याच्या इच्छेवर सोपविलेले आहे. कर बसविण्याचे अधिकारही अनुच्छेद २४३-एच व २४३-एक्स अन्वये राज्याच्या कायद्यातूनच मिळतात.

या असमतोलावर उपाय म्हणून अनुच्छेद २४३-आय व २४३-वाय यांमध्ये दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याची तरतूद करण्यात आली. राज्याच्या कर महसुलातील वाटा, सोपवावयाचे कर व सहायक अनुदाने यांबाबत हा आयोग शिफारशी करतो. राज्यपाल त्या शिफारशी, त्यांवर केलेल्या कार्यवाहीच्या स्पष्टीकरणासह, विधानमंडळापुढे ठेवण्याची व्यवस्था करतात. मात्र या शिफारशी बंधनकारक नाहीत. अनेक राज्यांत आयोग विलंबाने नेमले गेले, अहवाल स्वीकारण्यास वेळ लागला आणि स्वीकारलेल्या शिफारशींनाही अर्थसंकल्पात पुरेशी तरतूद मिळाली नाही. केंद्रीय वित्त आयोगाच्या बाबतीत जी परंपरा रूढ झाली, ती राज्य पातळीवर रुजू शकली नाही.

अनुच्छेद २८० मध्ये घातलेल्या (३)(बीबी) व (३)(सी) या उपखंडांमुळे केंद्रीय वित्त आयोगाकडेही स्थानिक संस्थांच्या साधनसंपत्तीचा प्रश्न आला. दहाव्या वित्त आयोगापासून त्यासाठी अनुदानांची शिफारस होऊ लागली. बाराव्या आयोगाने २००५-१० या काळासाठी पंचायतींना २०,००० कोटी व नागरी संस्थांना ५,००० कोटी रुपयांची शिफारस केली. चौदाव्या आयोगाची शिफारस एकूण २,८७,४३६ कोटी, तर पंधराव्या आयोगाची २०२१-२६ साठीची शिफारस ४,३६,३६१ कोटी रुपये होती. केंद्राकडून येणारा हा ओघ वाढत गेला. पण त्याच प्रमाणात राज्यांचा स्वतःचा वाटा वाढला नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पंचायतराज संस्थांच्या वित्तविषयक अहवालानुसार २०२०-२१ ते २०२२-२३ या काळात पंचायतींच्या महसुलात केंद्राच्या अनुदानांचा वाटा सुमारे ८० टक्के, राज्याच्या अनुदानांचा सुमारे १५ टक्के आणि स्वतःच्या करांचा जेमतेम एक टक्का होता.

कपात स्थानिक सेवांवरच का येते?

राज्याच्या महसुली खर्चातील मोठा भाग वेतन, निवृत्तिवेतन व व्याज यांत बांधलेला असतो. तो एका वर्षात कमी करता येत नाही. भांडवली खर्चात कपात केल्यास राज्याची प्रतिमा डागाळते. शिवाय २०२०-२१ पासून केंद्राने राज्यांना भांडवली गुंतवणुकीसाठी दीर्घ मुदतीची बिनव्याजी कर्जे देऊ केल्यामुळे तो खर्च टिकविण्यास प्रोत्साहन मिळाले. वित्तीय उत्तरदायित्व कायद्यांमुळे तुटीवर मर्यादा आहे. या सर्वांतून उरते ती जागा म्हणजे अनुदाने. त्यांत स्थानिक संस्थांची अनुदाने राजकीयदृष्ट्या सर्वांत दुबळी ठरतात, कारण त्यांचे लाभार्थी हजारो गावांत व प्रभागांत विखुरलेले असतात आणि कपातीचा परिणाम दिसण्यास काही महिने लागतात. निर्णय राजधानीत होतो, जाब मात्र सरपंचाला किंवा नगराध्यक्षाला विचारला जातो. निर्णय घेणारा व दोष पत्करणारा हे वेगळे असल्याने अशा कपातीची राजकीय किंमत कमी असते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, तुटीचा भार खालच्या पातळीवर ढकलला जातो.

हा भार किती वाढत जातो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. एखाद्या ग्रामपंचायतीचे वार्षिक उत्पन्न २० लाख रुपये आहे, असे समजू. त्यापैकी १५ लाख रुपये अनुदानांतून व ५ लाख रुपये स्वतःच्या साधनांतून येतात. कर्मचारी, पाणीयोजनेची वीज व इतर अटळ खर्च १२ लाख रुपये आहे. विकास व सेवांसाठी ८ लाख रुपये शिल्लक राहतात. राज्याने अनुदानात २० टक्के, म्हणजे ३ लाख रुपयांची कपात केली, तर अटळ खर्च तसाच राहून सेवांसाठीची रक्कम ८ लाखांवरून ५ लाखांवर येते. कागदावरची २० टक्क्यांची कपात प्रत्यक्ष सेवांच्या बाबतीत साडेसदतीस टक्क्यांची होते. स्थानिक संस्थांना कर्ज काढून ही तूट भरून काढता येत नाही. त्यामुळे दुरुस्ती पुढे ढकलणे किंवा सेवा बंद करणे एवढेच पर्याय त्यांच्यापुढे असतात.

कपातीची पाच रूपे

कपात म्हणजे केवळ अर्थसंकल्पीय तरतूद कमी करणे, असा समज आढळतो. प्रत्यक्षात तिची किमान पाच रूपे आहेत. पहिले रूप म्हणजे तरतूदच कमी करणे. हे उघड असल्याने त्यावर विधिमंडळात चर्चा तरी होऊ शकते. दुसरे, तरतूद कायम ठेवून निधी विलंबाने देणे किंवा कोषागारावर निर्बंध घालणे. वर्षअखेरीस देयके अडकली, की तरतूद कागदावर राहते आणि पुढील वर्षाचा निधी मागील देणी भागविण्यात जातो. तिसरे, अबंधित निधी कमी करून तो विशिष्ट कामांशी बांधणे. चौथे, निधी न देता नवी जबाबदारी सोपविणे किंवा पूर्वी राज्य उचलत असलेला खर्च स्थानिक संस्थेकडे वळविणे. पाचवे, एखाद्या थकबाकीपोटी अनुदानाची रक्कम परस्पर वळती करणे.

शेवटच्या दोन प्रकारांची उदाहरणे अलीकडच्या काळातील आहेत. महाराष्ट्रात २०२१ मध्ये गावांतील पथदिव्यांची व पाणीपुरवठा योजनांची वीजदेयके पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरण्याचे निर्देश ग्रामपंचायतींना देण्यात आले. थकबाकीमुळे अनेक ठिकाणी पथदिव्यांचा वीजपुरवठा खंडित झाला. विकासकामांसाठी आलेला पैसा जुन्या देयकांत जाईल, असा आक्षेप सरपंचांच्या संघटनांनी घेतला. आंध्र प्रदेशात त्याच सुमारास वित्त आयोगाच्या निधीतील रकमा वीज वितरण कंपन्यांच्या थकबाकीपोटी वळत्या करण्यात आल्या. तेथील सरपंचांच्या संघटनांनी आंदोलने केली आणि केंद्रीय पंचायतराज मंत्रालयाकडेही दाद मागितली. वीज वापरली असेल तर देयक भरले पाहिजे, हे तत्त्व योग्यच आहे. वादाचा मुद्दा वेगळा होता: ग्रामसभेने आराखड्यात ठरविलेल्या कामांचा निधी ग्रामपंचायतीच्या संमतीविना दुसरीकडे वळविता येतो काय? हा प्रश्न रकमेच्या आकारापेक्षा मोठा आहे.

पाठपुराव्याचे मार्ग

स्थानिक संस्थांचा पाठपुरावा व एखाद्या उद्योगसमूहाचा पाठपुरावा यांत मूलभूत फरक आहे. उद्योगसमूह स्वतःच्या नफ्यासाठी सवलत मागतो. नगरपालिका किंवा पंचायत मतदारांनी सोपविलेल्या कामासाठी साधने मागते. म्हणूनच त्यासाठी काही मार्ग खुद्द राज्यघटनेने व कायद्याने उपलब्ध करून दिले आहेत.

पहिला मार्ग राज्य वित्त आयोगापुढील निवेदनाचा. सेवेचा प्रत्यक्ष खर्च, लाभार्थ्यांची संख्या व तूट यांची आकडेवारी येथे नोंदविता येते. दुसरा मार्ग विधान परिषदेचा. अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेच्या सदस्यांपैकी सुमारे एक तृतीयांश सदस्य नगरपालिका, जिल्हा मंडळे व अन्य स्थानिक प्राधिकरणांच्या मतदारसंघांतून निवडले जातात. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत असे २२ सदस्य आहेत. स्थानिक संस्थांना राज्य विधिमंडळात थेट प्रतिनिधित्व देणारी ही तरतूद परीक्षार्थींना माहीत असते. परंतु अर्थसंकल्पाच्या संदर्भात तिचे महत्त्व क्वचितच लक्षात घेतले जाते. तिसरा मार्ग अनुच्छेद २४३-झेडडी खालील जिल्हा नियोजन समितीचा. चौथा मार्ग संघटनांचा: महापौर परिषदा, नगराध्यक्षांच्या व सरपंचांच्या संघटना. घटनात्मक हक्काचे उल्लंघन झाल्यास न्यायालयाचा मार्गही खुला असतो. मात्र किती निधी द्यावा या धोरणात्मक प्रश्नात न्यायालये सहसा जपून पाऊल टाकतात.

हे सर्व मार्ग लोकनियुक्त मंडळ अस्तित्वात असेल तरच परिणामकारक ठरतात. महाराष्ट्रात २०२२ नंतरच्या काही वर्षांत निवडणुका लांबल्यामुळे अनेक महानगरपालिका, नगरपरिषदा व जिल्हा परिषदांचा कारभार प्रशासकांकडे होता. राज्य शासनाने नेमलेला प्रशासक राज्य शासनाच्याच कपातीविरुद्ध आवाज उठवील, अशी अपेक्षा करणे अवघड आहे. याच कारणास्तव वेळेवर निवडणुका हा स्थानिक वित्तव्यवस्थेचाही प्रश्न ठरतो. पंधराव्या वित्त आयोगाची अनुदानेही रीतसर निवडून आलेल्या संस्थांसाठीच होती.

केरळचा अनुभव

निधीची निश्चिती कशी करता येते, याचे देशातील सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण केरळचे आहे. १९९६ मध्ये तेथे लोकनियोजन मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजना खर्चापैकी ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांमार्फत खर्च करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. त्याच वर्षापासून अर्थसंकल्पासोबत 'परिशिष्ट चार' हा स्वतंत्र दस्तऐवज विधानसभेपुढे ठेवला जाऊ लागला. त्यामध्ये प्रत्येक ग्रामपंचायत, गट पंचायत, जिल्हा पंचायत, नगरपालिका व महानगरपालिका यांच्या नावापुढे तिला मिळणारी रक्कम छापलेली असते. वाटप मंत्र्याच्या मर्जीने न होता लोकसंख्येसारख्या निकषांवर आधारलेल्या सूत्राने होते. पुढे विकास निधी, देखभाल निधी व सर्वसाधारण निधी असे तीन प्रवाह निश्चित करण्यात आले.

या व्यवस्थेचा परिणाम दुहेरी झाला. एकीकडे स्थानिक संस्थांना दीर्घकाळ चालणाऱ्या सेवा हाती घेण्याचे धाडस झाले. २००८ मध्ये राज्याने पॅलिएटिव्ह केअर धोरण जाहीर केल्यानंतर, असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करण्याची सेवा ग्रामपंचायतींमार्फत राज्यभर पसरली. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी 'बड्स' शाळा, कुटुंबश्री गटांमार्फतचे उपक्रम यांनाही स्थानिक निधीचा आधार मिळाला. परिचारिकेने दर आठवड्याला घरी येणे हे पुढील वर्षी पैसा येईल या विश्वासावरच अवलंबून असते. रस्ता एक वर्ष उशिरा झाला तरी चालतो. अशा रुग्णाची शुश्रूषा मध्येच थांबविता येत नाही.

दुसरीकडे, कपात उघड दिसू लागली. प्रत्येक संस्थेची रक्कम छापील असल्यामुळे ती कमी झाली की, सत्ताधारी व विरोधी अशा दोन्ही पक्षांच्या पंचायत अध्यक्षांना ती एकाच वेळी दिसते. २००१ मध्ये सत्तांतर झाले, तेव्हा राज्य गंभीर आर्थिक अडचणीत होते. स्थानिक संस्थांचा योजना निधी घटला व कोषागारावर निर्बंध आले. मोहिमेचे नाव बदलून 'केरळ विकास योजना' असे करण्यात आले. परंतु सूत्रबद्ध वाटपाची मूळ चौकट नव्या सरकारलाही मोडता आली नाही. ग्रामपंचायतींची, गट व जिल्हा पंचायतींची तसेच नगरपालिकांची राज्यस्तरीय संघटना तेथे आहे आणि स्थानिक स्वराज्य मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समन्वय समितीत या संघटनांचे प्रतिनिधी असतात. तरतुदीवर हल्ला करणे कठीण झाल्यामुळे राज्याच्या तंगीचा परिणाम पुढील काळात दुसऱ्या रूपाने, म्हणजे विलंबाने व अडकलेल्या देयकांच्या रूपाने होत राहिला. नियम एक दरवाजा बंद करतो. दुसऱ्या दरवाजावर लक्ष ठेवावेच लागते.

महाराष्ट्र : जकातीपासून कायदेशीर भरपाईपर्यंत

महाराष्ट्रातील महानगरपालिकांसाठी जकात हे दीर्घकाळ उत्पन्नाचे प्रमुख साधन होते. तिच्या जागी २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले आणि नागरी संस्थांचे राज्याच्या अनुदानावरील अवलंबन वाढले. मुंबईत मात्र वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत, म्हणजे जून २०१७ अखेर, जकात चालू होती. नव्या करामुळे ती जाणार हे स्पष्ट झाल्यावर हमी असलेल्या भरपाईची मागणी मुंबईतून लावून धरण्यात आली. त्यातून २०१७ मध्ये स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देणारा स्वतंत्र राज्य कायदा झाला. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी ८ टक्के वाढीसह भरपाईची रक्कम काढावी, असे सूत्र त्यात आहे. जुलै २०१७ मध्ये मुंबई महानगरपालिकेला ६४७.३४ कोटी रुपयांचा पहिला हप्ता मिळाला.

यातून एक महत्त्वाचा भेद लक्षात येतो. अनुदान हे कृपा म्हणून दिले जाते व परिस्थितीनुसार कमी करता येते. कायद्याने ठरविलेली भरपाई हे देणे असते. ते कमी करायचे झाल्यास विधिमंडळात कायदा बदलावा लागतो. मात्र येथेही दुसरी बाजू आहे. मुंबईसारखी मोठी व राजकीय वजन असलेली महानगरपालिका जी हमी मिळवू शकते, ती एखादी लहान नगरपंचायत किंवा आदिवासी भागातील ग्रामपंचायत एकटीने मिळवू शकत नाही. पाठपुराव्याची ताकद असमान असेल, तर बलवानांचे संरक्षण होते व कपात दुबळ्यांकडे सरकते. म्हणून संघटनेने केवळ सभासदांपैकी मोठ्यांची बाजू न मांडता सर्वांना लागू होणारे सूत्र मागणे, हे न्यायाच्या दृष्टीने आवश्यक ठरते.

तुलनात्मक दृष्टिक्षेप : कॅलिफोर्निया

संघराज्य असलेल्या अमेरिकेतही स्थानिक संस्था राज्याच्या कायद्यावर अवलंबून असतात. कॅलिफोर्निया राज्यात १९७८ च्या 'प्रस्ताव १३' या सार्वमताने मालमत्ता करावर मर्यादा आली व त्याच्या वाटपाचे अधिकार राज्याकडे गेले. १९९२-९४ च्या मंदीत राज्याने शहरे व काउंटी यांच्याकडील मालमत्ता कराचा मोठा हिस्सा शाळांकडे वळविला आणि शाळांवरील स्वतःचा खर्च वाचविला. वाचनालये, उद्याने व सामाजिक सेवा यांना त्याची झळ बसली.

दर वर्षी निवेदने देऊन उपयोग होत नाही, हे अनुभवाने कळल्यावर शहरे, काउंटी व विशेष जिल्हे यांच्या संघटना एकत्र आल्या. त्यांनी सार्वमताचा मार्ग धरला व गव्हर्नरशी वाटाघाटी केल्या. नोव्हेंबर २००४ मध्ये 'प्रस्ताव १-अ' सुमारे ८४ टक्के मतांनी संमत झाला. स्थानिक महसूल राज्याने काढून घेऊ नये. तीव्र आर्थिक संकटात दोन तृतीयांश बहुमताने तो केवळ कर्जाऊ घ्यावा व तीन वर्षांत व्याजासह परत करावा, असे बंधन त्यातून राज्यघटनेत आले. २००९ च्या मंदीत राज्याने ही पळवाट वापरून सुमारे १.९ अब्ज डॉलर उसने घेतले. त्यावर संघटनांनी पुन्हा मोहीम उभारली व २०१० मध्ये 'प्रस्ताव २२' संमत होऊन ही वाटही बंद झाली. यानंतर २०११ मध्ये राज्याने शहरांच्या पुनर्विकास संस्थाच बरखास्त करण्याचा कायदा केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. निधीला संरक्षण मिळाले, पण तो वापरणारी संस्थाच नाहीशी झाली. केरळच्या अनुभवाशी या घटनाक्रमाचे साम्य लक्षणीय आहे: प्रत्येक नियमानंतर कपातीचे रूप बदलते. तरीही नियम निरर्थक ठरत नाहीत. १९९२ मध्ये गुपचूप झालेली गोष्ट २००९ मध्ये परतफेडीच्या बंधनासह करावी लागली, हा बदल लहान नव्हे.

प्रतिवाद आणि मर्यादा

राज्य शासनाची बाजूही समजून घेतली पाहिजे. राज्याच्या खर्चाचा प्रत्येक भाग कायद्याने राखून ठेवला, तर दुष्काळ, पूर किंवा साथीच्या काळात सरकारकडे लवचिकता उरणार नाही. एका क्षेत्राला मिळालेले संरक्षण दुसऱ्या असंरक्षित क्षेत्रावरील कपात वाढविते. काही स्थानिक संस्थांकडे निधी अखर्चित पडून असतो, लेखे अपूर्ण असतात, हेही नाकारता येत नाही. अशा संस्थांची निधीची मागणी वित्त विभागाला पटणे कठीण जाते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा स्वतःच्या उत्पन्नाचा. घरपट्टी व पाणीपट्टी वसूल करण्याची अप्रियता टाळायची आणि राज्याकडे मात्र निधी मागायचा, ही भूमिका पाठपुराव्याचे नैतिक बळ कमी करते. अर्थात येथेही राज्याची जबाबदारी आहे. कराचे दर, सूट व मूल्यांकनाची पद्धत अनेकदा राज्यच ठरविते. अनुच्छेद २७६ खालील व्यवसाय कराची वार्षिक २,५०० रुपयांची कमाल मर्यादा १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने ठरली होती. त्यानंतरच्या भाववाढीत तिचे वास्तव मूल्य झिजत गेले. हात बांधून ठेवायचे व स्वावलंबनाचा उपदेश करायचा, हे विसंगत आहे.

समारोप

वरील उदाहरणांतून एक निष्कर्ष निघतो. स्थानिक संस्थांनी दर वर्षी कपात रद्द करून घेण्यासाठी केलेला पाठपुरावा आवश्यक असला तरी अपुरा असतो; त्याचे फळ एका वर्षाचे असते. तोच आवाज सूत्र, वेळापत्रक व पारदर्शकता यांसाठी वापरला गेला, तर त्याचे फळ टिकते. राज्य वित्त आयोगाची वेळेवर नेमणूक, प्रत्येक संस्थेची रक्कम अर्थसंकल्पासोबत प्रसिद्ध करणे, हप्त्यांची निश्चित तारीख व विलंबावर व्याज, निधीविना जबाबदारी न सोपविणे आणि संमतीविना रक्कम वळती न करणे, हे पाच नियम राज्याच्या सोयीने ठरवावेत असे नाहीत. ते विकेंद्रीकरणाचा किमान आधार आहेत. कपात अपरिहार्य असेल, तर तीही सूत्रानुसार, सर्वांना सारखी, विधिमंडळापुढे उघडपणे व पूर्वसूचनेने व्हावी. पंधराव्या वित्त आयोगाने मार्च २०२४ नंतरची अनुदाने राज्य वित्त आयोगाच्या अहवालावरील कार्यवाहीशी जोडली, ती याच दिशेने. सोळाव्या वित्त आयोगाच्या २०२६-३१ या कालखंडात राज्ये स्वतःच्या वाट्याबाबत काय करतात, यावर तिसऱ्या स्तरावरील शासनाचे बळ अवलंबून राहील.

अभ्यासासाठी प्रश्न

१. अनुच्छेद २४३-जी मधील शब्दयोजनेचा पंचायतींच्या आर्थिक स्वायत्ततेवर कोणता परिणाम झाला आहे? स्पष्ट करा.
२. 'अर्थसंकल्पीय तरतूद कायम असूनही कपात होऊ शकते.' सोदाहरण चर्चा करा.
३. अनुदान व कायदेशीर भरपाई यांतील फरक महाराष्ट्रातील २०१७ च्या कायद्याच्या संदर्भात सांगा.
४. केरळमधील 'परिशिष्ट चार' या व्यवस्थेचे गुण व मर्यादा विशद करा.
५. स्थानिक निधीला कायदेशीर संरक्षण दिल्यास राज्याच्या राजकोषीय लवचिकतेवर होणाऱ्या परिणामांचे मूल्यमापन करा.